फुग्याला हात न लावता

पायजम्याची एक नवी नाडी हातात घ्या. चपटी नको, गोल आणि आतून पोकळ विणीची. दोन्ही टोकं धरून ताणली की ती लांब आणि बारीक होते. आता तीच टोकं एकमेकांकडे ढकला. लांबी आखडते, पोट फुगतं आणि धागे आडवे होऊन दाटीवाटीने बसतात. विणकामातला हा साधा गुण मेंदूच्या शस्त्रक्रियेत कामाला येईल असं कुणाला वाटलं नसतं.

अशीच नाडी धातूची विणायची. ४८ तारा, त्यातल्या ३६ कोबाल्ट-क्रोमियमच्या आणि १२ प्लॅटिनम-टंगस्टनच्या. प्लॅटिनमच्या अशासाठी, की क्ष-किरणांत त्या ठळक दिसाव्यात. एकेका तारेची जाडी सुमारे ३० मायक्रॉन, म्हणजे सर्वसाधारण केसाच्या निम्म्याहूनही कमी. विणून तयार झालेल्या नळीचा व्यास अडीच ते पाच मिलिमीटर. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून ती ताणलेल्या, बारीक अवस्थेत आत सरकवायची, महाधमनीतून मानेत आणि मानेतून कवटीत न्यायची आणि ठरल्या जागी मोकळी सोडायची. मराठीत नाडी म्हणजे पायजम्याचीही आणि वैद्य मनगटावर बघतात तीही. इथे एक नाडी दुसरीच्या आत जाऊन बसते.

डॉक्टर या वस्तूला ‘फ्लो डायव्हर्टर’ म्हणतात, म्हणजे प्रवाह वळवणारा स्टेंट. हृदयाचा स्टेंट आता घरोघरी माहीत झाला आहे. त्याचं काम बुजलेली वाट उघडी ठेवण्याचं. मेंदूतल्या या भावंडाचं काम जवळपास उलटं आहे: नको असलेली एक वाट बंद व्हावी, आणि तीही आपली आपण.

ती नको असलेली वाट म्हणजे ॲन्युरिझम, धमनीला आलेला फुगा. सायकलचा टायर एका जागी झिजला की आतली ट्यूब तिथून डोकं बाहेर काढते, तसंच हे. धमनीच्या भिंतीतला मधला, स्नायूंचा थर जिथे दुबळा पडतो, तिथे रक्ताच्या दाबाने भिंत बाहेर येते. बहुतेक वेळा ही जागा फाट्यावर असते, कारण धमनी दुभंगते तिथे प्रवाह येऊन भिंतीवर आदळतो. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे. इंग्लंडच्या थॉमस विलिसने १६६४ साली त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून ते आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. (त्या ग्रंथासाठी चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल ज्याने नंतर उभारलं तोच.) बरेचसे फुगे या कड्यावर किंवा त्याच्या आसपास सापडतात.

शंभर प्रौढांत सुमारे तिघांच्या डोक्यात असा लहानमोठा फुगा असतो. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान त्याला खतपाणी घालतात. यातल्या बहुतेकांना आपल्या डोक्यात असं काही होतं हे जन्मभर कळत नाही आणि त्यांचं काही बिघडतही नाही. म्हणून दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये तीन-चार मिलिमीटरचा फुगा दिसला की घाबरून जाण्याचं कारण नसतं. पुष्कळदा फक्त लक्ष ठेवलं जातं.

मोठ्या फुग्याची गोष्ट वेगळी. दहा मिलिमीटरच्या पुढचा तो मोठा, पंचवीसच्या पुढचा तो महाकाय. मूळ धमनी मुगाच्या दाण्याएवढी रुंद आणि तिला लागलेला फुगा सुपारीएवढा, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात न फुटलेल्या फुग्यांच्या रुग्णांवर काही वर्षं नजर ठेवली होती. मेंदूच्या पुढच्या बाजूच्या धमन्यांत, सात मिलिमीटरहून लहान फुगे आधी कधी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांत पाच वर्षांत जवळजवळ फुटलेच नाहीत. तेरा ते चोवीस मिलिमीटरच्या फुग्यांत हा धोका १४.५ टक्के निघाला आणि पंचवीसच्या वर ४० टक्के. फुटला तर रक्त मेंदूभोवतीच्या पोकळीत पसरतं. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू होते आणि पुष्कळ रुग्ण त्यातून उठत नाहीत. न फुटताही मोठा फुगा शेजारच्या मज्जातंतूंवर दाब देतो. एक पापणी खाली येते, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, नजर मंदावते. असे रुग्ण आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात, हे स्वाभाविकच आहे.

या फुग्याचं करायचं काय, याचं पहिलं ठोस उत्तर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी २३ मार्च १९३७ रोजी दिलं. कवटी उघडून त्यांनी फुग्याच्या मानेवर चांदीची छोटी क्लिप बसवली. कपड्याला चिमटा लावावा तसा. मान मिटली, फुगा रिकामा पडला. क्लिपची ही पद्धत आजही उत्तम चालते आणि योग्य जागी तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. पण कवटीच्या तळाशी, हाडाला चिकटलेल्या महाकाय फुग्यापर्यंत हात पोचवणं म्हणजे मेंदू बाजूला सारत जाणं.

मग आतून जायची कल्पना निघाली. मॉस्कोच्या बुर्डेन्को संस्थेतले फ्योदोर सर्बिनेन्को यांना १९५९ साली मे दिनाला लाल चौकात दोऱ्याने बांधलेले फुगे धरून चाललेली मुलं पाहून युक्ती सुचली, असं सांगतात. रक्तवाहिनीतून नेऊन सोडता येणारे छोटे फुगे त्यांनी बनवले. फुग्यावर फुग्याचाच इलाज! १९७४ मध्ये त्यांनी ते काम प्रसिद्ध केलं. पुढे १९९० मध्ये लॉस एंजेलिसला गुईदो गुल्येल्मी यांनी प्लॅटिनमची मऊ तार, म्हणजे कॉइल, आणली. फुग्याच्या आत ती गुंडाळत जायची आणि जागेवर बसली की बारीक विद्युतप्रवाहाने तिचा सांधा विरघळवून तिला मागे सोडून यायचं. २००२ साली दोन हजारांवर रुग्णांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. फुटलेल्या फुग्यांवर क्लिप की कॉइल, या प्रश्नात वर्षभरानंतरच्या निकालांत कॉइल पुढे राहिली आणि जगभर कवट्या उघडणं कमी झालं.

मोठ्या फुग्यापाशी मात्र कॉइलचंही घोडं अडत होतं. सुरईत गोट्या भरल्या तर त्या आत राहतात. परातीत भरून ती कलती धरली तर? रुंद मानेच्या फुग्यात भरलेली तार घरंगळून मूळ धमनीत येते. आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल: फुगा कॉइलने ‘ठासून भरला’ म्हणतात तेव्हाही धातूने व्यापलेली जागा जेमतेम पाव हिस्सा असते, उरलेली रक्ताच्या गुठळीची. रक्ताचा प्रत्येक ठोका त्या गुठळीला रेटत राहतो, ती दबते आणि फुगा पुन्हा उघडतो. कॉइल केलेल्या एकूण फुग्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा पुढे कमीअधिक उघडल्याचं माँट्रियलच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये मांडलं, आणि मोठ्या फुग्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त होतं.

या सगळ्या उपायांत एक गोष्ट सारखी होती. प्रत्येकाने फुग्यालाच शत्रू मानलं. कुणी त्याची मान आवळली, कुणी त्याचं पोट भरलं. पण पंक्चरवाल्याला विचारा, ट्यूब बाहेर आली तर तो फुगा टोचत बसत नाही. टायरला आतून गेटर लावतो. दुखणं टायरचं आहे. तसंच दुखणं धमनीच्या भिंतीचं आहे आणि फुगा हे त्याचं बाहेर दिसणारं तोंड. भिंत आतून सावरली तर फुग्याला हात लावायची गरज उरते का?

ही कल्पना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते आणि तिच्यावरची पहिली शंकाही तितकीच रास्त आहे. जाळीची नळी धमनीत बसवली, तिने फुग्याचं तोंड झाकलं, ठीक. पण त्याच तुकड्यातून डोळ्याला, मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक फांद्या फुटतात. त्यांचीही तोंडं झाकली जाणार. मग फुगा बंद होईल तशा त्याही बंद पडायला नकोत का?

उत्तर शेतात आहे. कालव्याचा पाट वाहतोय. त्याच्या एका बाजूने चारी फुटून खालच्या उसाला पाणी देते. दुसऱ्या बाजूला पाटाने काठ खाऊन एक डबकं केलंय, त्याला पुढे वाट नाही. आता दोघांच्या तोंडाशी सारखीच बारीक जाळी ठोका. चारीतून पाणी वाहतच राहतं, कारण पुढे उतार आहे, तहानलेलं शेत आहे, ओढ आहे. डबक्यात मात्र पाणी शिरायचं ते पाटाच्या धक्क्यानेच. जाळीने तो धक्का मोडला की पाणी जागच्या जागी थांबतं, गाळ बसतो आणि डबकं हळूहळू भरून येतं. मेंदूतली फांदी म्हणजे चारी. पलीकडच्या पेशींना रक्त हवं असतं, तिथला दाब कमी असतो, म्हणून प्रवाह विणीतून वाट काढतो. फुग्याला पुढे गिऱ्हाईक नाही. त्यात गरगरणारं रक्त मंदावतं, थिजतं आणि त्याची गुठळी होते. दरम्यान जाळीवर धमनीच्या अस्तराच्या पेशी दोन्ही टोकांकडून पसरत येतात आणि विणीला आधार मानून नवी भिंत बांधतात.

म्हणजे सगळं गणित विणीच्या दाटपणाचं. जाळी विरळ असेल तर फुगा चालूच राहील, फार दाट असेल तर फांद्या गुदमरतील. पाइपलाइन नावाच्या स्टेंटमध्ये धातू साधारण ३० ते ३५ टक्के पृष्ठभाग झाकतो, बाकी मोकळी जागा. डेव्हिड कॅल्मेस आणि सहकाऱ्यांनी सशांवर हे तपासलं आणि २००७ मध्ये निकाल मांडले. सशाच्या धमनीत मुद्दाम तयार केलेले फुगे बंद झाले, आणि महाधमनीत बसवलेल्या जाळीखालच्या फांद्या वाहत्या राहिल्या.

माणसांवरचं सुरुवातीचं मोठं काम अमेरिकेत झालं नाही, ते अर्जेंटिनात झालं. ब्युनॉस आयर्सच्या पेद्रो लिलिक यांच्या गटाने ५३ रुग्णांच्या ६३ फुग्यांचा अनुभव २००९ मध्ये प्रसिद्ध केला. तीन महिन्यांनी ५६ टक्के फुगे पूर्ण बंद होते, सहा महिन्यांनी ९३ टक्के. फ्रान्समधल्या बाल्ट कंपनीचा ‘सिल्क’ हा स्टेंटही याच सुमारास युरोपात आला. मग अमेरिका, हंगेरी आणि तुर्कस्तानातल्या दहा केंद्रांत १०८ रुग्णांची चाचणी झाली. त्यात मुद्दाम अवघड फुगेच घेतले होते: मानेतून मेंदूत शिरणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड धमनीवरचे, सरासरी १८ मिलिमीटरचे, रुंद मानेचे. कॉइलने जमणार नाही किंवा जमलं नाही असे. सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्क्यांत अपेक्षित परिणाम साधला, वर्षाने ८७ टक्के फुगे पूर्ण बंद होते, पाच वर्षांनी ९५. हे आकडे काळाबरोबर चढत गेले, हीच त्यातली खरी बातमी. कॉइलचे निकाल काळाबरोबर उतरत असत. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाइपलाइनला परवानगी दिली.

कॅथलॅबमध्ये हे कसं दिसतं? पडद्यावर धमनीची काळी रेघ, तिला लागलेला काळा गोळा. डॉक्टर बारीक नळीतून स्टेंट पुढे ढकलतात आणि नळी मागे ओढतात. एक हात देतो, दुसरा घेतो. नुसतं ओढलं तर वीण ताणलेली राहते आणि फुग्याच्या तोंडाशी विरळ पडते. नुसतं ढकललं तर ती चुरगळते. शिवाय उघडताना स्टेंट निम्म्याहून अधिक आखडतो, म्हणजे कुठे सुरू करायचं आणि तो कुठे संपेल याचा हिशेब आधी करावा लागतो. सुरुवातीला सांगितलेली नाडी इथे आठवावी. वळणावर स्टेंट भिंतीला नीट टेकला नाही, तर त्या फटीतून रक्त जात राहतं आणि सगळा खेळ बिघडतो.

मग रक्ताची वाट क्ष-किरणांत दिसावी म्हणून शेवटचं डाय सोडतात. मूळ धमनीतून ते क्षणात वाहून जातं, पण फुग्यात शिरलेलं तिथेच रेंगाळतं आणि तळाशी चंद्रकोरीसारखं साचून राहतं. डॉक्टर खूश होतात ते या कोरीवर. बाहेर आल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘गेला का फुगा?’ उत्तर असतं, ‘नाही. आहे तिथेच आहे.’ लाखो रुपये खर्चून, तासन्‌तास शस्त्रक्रिया करून फुगा आहे तिथेच, हे पचायला जड जातं. तो जायला सहा महिने, कधी वर्ष लागतं. पुढे गुठळी आकसते, फुगा आक्रसतो आणि खाली आलेली पापणी पुष्कळदा वर येते. पोट भरून टाकणाऱ्या कॉइलने हा दाब सहजी हलत नसे.

या वाट पाहण्याची किंमत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या उपचाराचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं होईल. रक्ताच्या दृष्टीने स्टेंट म्हणजे परका धातू. फुग्यात गुठळी व्हायला हवी आणि स्टेंटमध्ये मुळीच होता कामा नये, अशी ही दुहेरी अट. म्हणून ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेलसारखं दुसरं औषध काही महिने द्यावं लागतं, ॲस्पिरिन तर बहुधा कायमचं. क्लोपिडोग्रेलला यकृतातलं एक विकर आधी कामाचं रूप देतं. काहींच्या जनुकांमुळे हे विकर मंद असतं, गोळी पोटात जाते पण तिचा पुरेसा असर होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आपल्याकडे असे लोक जास्त आहेत. म्हणून अनेक ठिकाणी आधी रक्त तपासून गोळी लागू पडते का ते पाहतात आणि नाही पडली तर दुसरं औषध निवडतात. याच गोळ्यांमुळे नुकत्याच फुटलेल्या फुग्यावर डॉक्टर शक्यतो हा मार्ग घेत नाहीत. रक्तस्राव होत असताना रक्त पातळ करणं म्हणजे आगीत तेल.

धोके एवढ्यावर संपत नाहीत. अनेक केंद्रांतल्या ७९३ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये जो अहवाल आला, त्यात मेंदूशी संबंधित कायमची इजा किंवा मृत्यू मिळून ८.४ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर फुगा फुटण्याचे प्रसंग थोडे, ०.६ टक्के, पण ते मुख्यतः महाकाय फुग्यांत आणि गुठळी पक्की होण्याच्या काळात घडतात. म्हणून अशा फुग्यांत काही डॉक्टर स्टेंटच्या जोडीला थोडी कॉइलही भरतात. मेंदूच्या मागच्या बाजूची बॅसिलर धमनी तर वेगळंच प्रकरण. तिथून मेंदूच्या खोडाला केसासारख्या बारीक फांद्या जातात. अमेरिकेतल्या बफेलोच्या डॉक्टरांनी तिथल्या लांबट, मोठ्या फुग्यांच्या सात रुग्णांचा अनुभव २०१२ मध्ये लपवून न ठेवता छापला: चार दगावले. नव्या तंत्राच्या हनिमूनच्या दिवसांत असा लेख छापायला धैर्य लागतं. त्यानंतर मागच्या बाजूला रुग्णांची निवड फार सावधपणे होऊ लागली.

आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या न्यूरो केंद्रांत हा उपचार आता रुळला आहे. अडचण किमतीची. बाहेरून येणारा एक स्टेंट सात-आठ लाखांना पडतो, असं २०२० साली सरकारी निवेदनातच म्हटलं होतं. ते निवेदन तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचं, भारतीय बनावटीची हृदयाची झडप जिथे तयार झाली तीच ही संस्था. तिथल्या संशोधकांनी निकेल आणि टायटॅनियमच्या लवचीक मिश्रधातूपासून, नायटिनॉलपासून, आपला फ्लो डायव्हर्टर विणला. धातूचं तंत्र बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं. म्हणजे विमानांवर काम करणाऱ्या संस्थेचा धातू मेंदूच्या धमनीसाठी! त्याच वर्षी तंत्रज्ञान हस्तांतराचा करार झाला तो पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीशी.

स्टेंट कुठलाही असो, घरच्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी रुग्ण ठणठणीत वाटू लागतो आणि नेमकी तेव्हाच दाढ काढायची निघते. दातांचे डॉक्टर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चार दिवस बंद करा म्हणाले, तरी आपल्या मनाने बंद करू नका. आधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. तो नंबर गोळ्यांच्या डबीवरच चिकटवून ठेवा.